"हा आईवर गेलाय": बुद्धीच्या वारशाबद्दल एका आईच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा नऊ वर्षांचा. शाळेने सुचवलं म्हणून बुद्ध्यांक चाचणी करून घेतली, आकडा ९६ आला. वडील आणि काका अभ्यासात कायम पुढे असलेले, त्यामुळे घरात कुणीतरी म्हणून गेलं, "हा आईवर गेलाय." आता तुम्ही विचारताय की बुद्धी जन्मतः ठरलेली असते की घडवता येते, आणि घडवता येत असेल तर किती.

मुलांच्या बौद्धिक चाचण्या घेणं आणि मग अहवाल समोर ठेवून पालकांशी बोलणं हे माझं काम. तुमचा प्रश्न मी वेगवेगळ्या शब्दांत सतत ऐकते. तो एक प्रश्न नसतो, तीन असतात. माणसामाणसांत बुद्धीचा फरक कशामुळे पडतो, हा पहिला. माझ्या मुलाचा आकडा हलू शकतो का, हा दुसरा. तिसरा सहसा कुणी मोठ्याने विचारत नाही: यात माझा दोष आहे का? पहिल्याचं उत्तर उचलून दुसऱ्याला चिकटवलं की सगळा घोळ होतो, म्हणून एकेक करून घेऊ.

फरक कशामुळे पडतो, यावर पुरावा भरपूर आहे, आणि तो बऱ्याच पालकांना आवडत नाही. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी असतात. द्विबीज जुळ्यांची सख्ख्या भावंडांइतकीच, म्हणजे सरासरी निम्मी. १९८१ साली बूशार्ड आणि मॅग्यू या मानसशास्त्रज्ञांनी तोवरचे अभ्यास एकत्र केले. एकत्र वाढलेल्या एकबीज जुळ्यांच्या बुद्ध्यांकातला सहसंबंध ०.८६ निघाला, द्विबीज जुळ्यांचा ०.६०, आणि साध्या भावंडांचा ०.४७. लहानपणीच ताटातूट होऊन वेगळ्या घरांत वाढलेल्या एकबीज जुळ्यांचाही तो ०.७ च्या आसपास होता. आकडा १ असता तर दोघांचे गुण हुबेहूब जुळले असते, शून्य असता तर काहीच संबंध नसता. वेगळ्या घरांत वाढूनही ०.७ हा आकडा मोठाच म्हणायचा. (अशी ताटातूट झालेली जुळी बहुधा बऱ्यापैकी सुस्थितीतल्या घरांतच गेलेली असतात, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. घरंच एकमेकांसारखी असतील तर घरांचा परिणाम दिसणार कुठून?) जनुकांचा वाटा मोठा आहे, हे मी पालकांपासून लपवत नाही. "सगळं संस्कारांवर असतं" असं सांगणं ऐकायला गोड वाटतं, पण मग मूल मागे पडलं की तोच गोडवा आईच्या डोक्यावर ओझं होऊन बसतो.

आता या आकड्यांचा अर्थ. संशोधक म्हणतात की बुद्ध्यांकाची आनुवंशिकता अमुक वयात ५० टक्के आहे. हे वाचून बहुतेक जण मनात हिशोब मांडतात: माझ्या मुलाच्या ९६ मधले ४८ गुण आमच्याकडून आले, उरलेले शाळेने आणि घराने दिले. असा हिशोब होतच नाही. ही टक्केवारी एका मुलाबद्दल काहीही सांगत नाही. एका विशिष्ट समाजात, एका विशिष्ट काळात, माणसांमध्ये जो फरक दिसतो त्यातला किती भाग जनुकांतल्या फरकाशी जोडता येतो, एवढंच ती सांगते.

विचित्र वाटेल असं एक उदाहरण देते. माणसाला दोन पाय असतात ते पूर्णपणे जनुकांमुळे. पण "पायांची संख्या किती आनुवंशिक आहे" असं मोजायला गेलात तर उत्तर शून्याजवळ येईल. कारण ज्यांना दोनपेक्षा कमी पाय आहेत त्यांच्यात तो फरक मुख्यतः अपघातांनी आणि आजारांनी आलेला असतो. म्हणजे एखादी गोष्ट संपूर्ण जनुकांवर उभी असूनही तिची आनुवंशिकता शून्य निघू शकते. उलटही होतं. उद्या सगळ्या मुलांना अगदी एकसारखी शाळा, एकसारखं घर, एकसारखा आहार मिळाला, तर परिस्थितीमुळे पडणारा फरक उरणारच नाही. जो काही फरक उरेल तो जवळपास सगळा जनुकांचा, आणि आनुवंशिकतेचा आकडा थेट वर चढेल. त्या मुलांची जनुकं तर तीच असतील.

त्यामुळे हा आकडा परिस्थितीप्रमाणे बदलतो. अमेरिकेत टर्कहायमर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली सात वर्षांच्या जुळ्यांवर केलेल्या अभ्यासात सुस्थितीतल्या कुटुंबांत जनुकांचा वाटा मोठा दिसला, तर अतिशय गरीब कुटुंबांत तो जवळजवळ नाहीसा झाला. जिथे मुलांना मूलभूत गोष्टीच मिळत नाहीत, तिथे कुणाच्या अंगी काय आहे ते वर यायला वावच राहत नाही. पण हा निष्कर्ष सगळीकडे टिकला नाही. २०१६ साली टकर-ड्रॉब आणि बेट्स यांनी असे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा हा प्रकार अमेरिकेत दिसला, पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियात दिसला नाही. तिथे गरिबांनाही बऱ्यापैकी सारखी शाळा आणि दवाखाना मिळतो, हे त्यामागचं कारण असावं असं त्यांनी सुचवलं आणि मला ते पटतं.

वयाचंही असंच. सहज विचार केला तर वाटतं, जन्माच्या वेळी जनुकांचा जोर जास्त आणि वाढत्या वयात अनुभवाचा. प्रत्यक्षात उलटं आहे. सुमारे ११,००० जुळ्यांच्या जोड्यांची माहिती एकत्र करून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आनुवंशिकता नऊ वर्षांच्या आसपास ४१ टक्के, बाराव्या वर्षी ५५ आणि सतराव्या वर्षी ६६ टक्के आढळली. लहान मुलाचं जग आपण ठरवतो: पुस्तक कोणतं, खेळ कोणता, झोपायचं कधी. मूल मोठं होतं तसं ते आपलं जग आपणच निवडायला लागतं. ज्याला वाचायला आवडतं ते वाचनालय शोधतं, त्याचे मित्रही वाचणारे निघतात, शिक्षकही त्यालाच आणखी पुस्तकं देतात. छोटा जन्मजात कल अशी परिस्थिती ओढून घेतो आणि ती परिस्थिती त्या कलाला आणखी खतपाणी घालते. मग संशोधकांच्या हिशोबात हे सगळं "जनुक" या खात्यात जमा होतं, जरी वाटेत शंभर पुस्तकं आणि चार चांगले शिक्षक आलेले असले तरी. ५० टक्के जनुकं आणि ५० टक्के परिस्थिती असे दोन वेगळे ढीग करता येत नाहीत, ते याचमुळे.

तुमच्या मुलाचं वय नऊ आहे. ज्या काळात घराच्या हातात अजून बरंच असतं, त्यातच तो आहे.

आनुवंशिक म्हणजे अटळ असं आपण धरून चालतो. मला या विषयात सगळ्यात खोडून काढावीशी वाटणारी समजूत हीच. फिनाइलकिटोन्युरिया नावाचा एक आजार आहे. नॉर्वेतल्या अस्ब्यॉर्न फोलिंग या डॉक्टरांनी तो १९३४ साली ओळखला. आई आणि वडील दोघांकडून एका जनुकाची सदोष प्रत आली की बाळाच्या शरीराला फिनाइलअॅलनिन हा प्रथिनांतला घटक पचवता येत नाही. तो रक्तात साठतो, मेंदूला इजा करतो, आणि उपचार न झाल्यास मुलाला गंभीर बौद्धिक अपंगत्व येतं. याहून जास्त "जन्मजात" काय असणार? पण बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन जन्मानंतर काही दिवसांत हे ओळखता येतं, आणि तो घटक अगदी मोजका असलेला आहार लगेच सुरू केला तर मूल सर्वसाधारण बुद्धीचं वाढतं. दोष शंभर टक्के जनुकातला, उपाय ताटातला. एखादी गोष्ट कुठून आली आणि ती बदलता येईल का, हे दोन प्रश्न किती वेगळे आहेत ते दाखवायला मला याहून स्वच्छ उदाहरण माहीत नाही.

आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. स्कोडॅक आणि स्कील्स यांनी अमेरिकेत दत्तक दिलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला आणि १९४९ साली निष्कर्ष छापले. जन्मदात्या आयांचा सरासरी बुद्ध्यांक ८६ च्या आसपास होता. त्यांच्या मुलांचा, दत्तक घरात वाढल्यावर, शंभराच्या वर गेला. तरीही ज्या आयांचे गुण तुलनेने जास्त होते त्यांचीच मुलं साधारणपणे मुलांमध्येही पुढे होती. क्रम जन्मदात्या आईशी जुळत राहिला आणि अख्खी रांग वर सरकली. "वारसा की परिस्थिती" म्हणून भांडणारे दोन्ही पक्ष या एकाच अभ्यासातून आपापला अर्धा भाग घेऊन जातात.

रांग वर सरकते याचे पुढचे पुरावेही आहेत. फ्रान्समध्ये दुर्लक्ष आणि छळ सोसलेल्या, चाचणीत ८६ पेक्षा कमी गुण असलेल्या मुलांना चार ते सहा वर्षांच्या वयात दत्तक दिलं गेलं. ती किशोरवयात आली तेव्हा गरीब घरांत गेलेल्यांचे गुण सरासरी आठेकने वाढले होते, तर सुस्थितीतल्या घरांत गेलेल्यांचे सुमारे साडेएकोणीसने (डुइम आणि सहकारी, १९९९). स्वीडनमध्ये अशा सख्ख्या भावांच्या जोड्या तपासल्या, ज्यांत एक भाऊ दत्तक गेला आणि दुसरा जन्मदात्यांकडे राहिला. दत्तक गेलेल्याचा आकडा सरासरी साडेचारच्या आसपास जास्त होता. रुमानियातल्या बुखारेस्टमधल्या अनाथालयांतली मुलं हे याचं काळं टोक. साडेचार वर्षांच्या वयात संस्थेतच राहिलेल्या मुलांचा सरासरी आकडा सुमारे ७३ होता आणि सांभाळासाठी दुसऱ्या कुटुंबांत पाठवलेल्यांचा सुमारे ८१. जी लवकर कुटुंबात गेली, त्यांची प्रगती अधिक चांगली झाली.

यातून एक गोष्ट निघते जी तुमच्या प्रश्नासाठी महत्त्वाची आहे. मोठी झेप दिसते ती उपेक्षेतून साध्या, प्रेमाच्या घरात आलेल्या मुलांमध्ये. चांगल्या घरातून आणखी चांगल्या घरात गेल्याने होणारा फरक बराच लहान असतो. तुमचा मुलगा पोटभर खातो, शाळेत जातो, त्याच्याशी बोलणारी माणसं घरात आहेत. त्याच्या बाबतीत मोठ्या झेपेचा पहिला टप्पा तुम्ही न कळत आधीच पार केलेला आहे. कुणी सहा महिन्यांत बुद्ध्यांक वीसने वाढवून देतो म्हणालं तर तिथून उठून या.

बुद्ध्यांक खात्रीने वाढवणारी एक गोष्ट मात्र आहे, आणि ती फारच नीरस आहे: शाळा. रिची आणि टकर-ड्रॉब यांनी २०१८ मध्ये सहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली. शिक्षणाच्या प्रत्येक जास्तीच्या वर्षामागे साधारण १ ते ५ गुणांची वाढ दिसली, आणि ती उतारवयापर्यंत टिकलेली होती. नॉर्वेने सक्तीचं शिक्षण सात वर्षांवरून नऊ वर्षांवर नेलं, तेव्हाच्या मुलग्यांच्या सैन्यभरतीच्या चाचण्यांतही अशीच वाढ सापडली. जेम्स फ्लिन या संशोधकांनी दाखवलेलंही असंच आहे: विसाव्या शतकात अनेक देशांत दर दशकाला सुमारे तीन गुणांनी सरासरी चढत गेली. दोन पिढ्यांत जनुकं एवढी बदलत नाहीत. (नॉर्वेत १९७५ नंतर जन्मलेल्यांमध्ये हा चढ उलटा फिरला, आणि तोही एकाच घरातल्या भावांमध्ये दिसतो. म्हणजे उतारामागेही परिस्थितीच आहे.)

आता "आईवर गेलाय" या वाक्याकडे येते. बुद्धी एका जनुकात बसलेली नसते. शिक्षणाच्या पातळीशी जोडलेल्या जनुकीय फरकांचा शोध ११ लाख लोकांमध्ये घेतला गेला, २०१८ साली, तेव्हा १,२७१ जागा सापडल्या, आणि त्यातल्या प्रत्येकीचा परिणाम नगण्य. त्या सगळ्या फरकांची बेरीज करूनही माणसामाणसांच्या बौद्धिक चाचणीतल्या फरकाचा जेमतेम ७ ते १० टक्के भाग सांगता आला. ही जनुकं सर्व गुणसूत्रांवर विखुरलेली आहेत. निम्मी तुमच्याकडून, निम्मी वडिलांकडून, आणि कोणती निम्मी ते प्रत्येक मुलाच्या वेळी नव्याने पिसलं जातं. "बुद्धी आईकडून येते, कारण ती एक्स गुणसूत्रावर असते" असे जे संदेश फिरतात त्यांना आधार नाही. आईला श्रेय देण्यासाठी ते पाठवले जातात, पण गुण कमी आले की तेच वाक्य आईवर उलटतं.

हे पिसणं किती मोठं असतं पाहा. वाटेल ती दोन माणसं घेतली तर त्यांच्या बुद्ध्यांकात सरासरी १७ गुणांचा फरक असतो. एकाच आईवडिलांच्या, एकाच घरात वाढलेल्या दोन भावंडांत तो ११-१२ असतो. म्हणजे एकाचा १०८ आणि दुसऱ्याचा ९६ हे अगदी नेहमीचं चित्र आहे. शिवाय फार हुशार आईवडिलांची मुलं सरासरीने त्यांच्यापेक्षा थोडी सरासरीच्या जवळच असतात. हे फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच उंचीच्या बाबतीत दाखवलं होतं. त्यामुळे काका आणि वडील पुढे होते म्हणून मुलगा तितकाच असायला हवा, ही अपेक्षाच गणिताला धरून नाही. तिसऱ्या प्रश्नाचं, दोषाच्या प्रश्नाचं, माझं उत्तर यातच आलं.

राहिला तो ९६. हा आकडा मला जितका साधा वाटतो तितका तुम्हाला वाटत नाहीये. चाचणीची सरासरी १०० असते आणि सुमारे ६८ टक्के माणसं ८५ ते ११५ मध्ये बसतात. ९६ म्हणजे शंभर मुलांपैकी सुमारे ३९ मुलांच्या पुढे आणि साठेक मुलांच्या मागे, अगदी भर मध्यात. मोजणीत चूक धरावीच लागते: चांगल्या चाचणीतही पाच-सहा गुण इकडे-तिकडे होतात. मुलाचा खरा आकडा ९० ते १०२ मध्ये कुठेही असू शकतो, आणि चांगल्या अहवालात तो असा पट्टा देऊनच लिहिलेला असतो. तसा नसेल तर चाचणी घेणाऱ्यांना विचारा.

त्याहून जास्त लक्ष मी उपविभागांकडे देते. एकूण ९६ असलेली दोन मुलं माझ्यासमोर आली तर ती बहुधा सारखी नसतात. एकाचं सगळंच ९५-९७ असतं. दुसऱ्याचं भाषिक आकलन ११२, आकृतिबंध ओळखणं १०५ आणि कामाचा वेग ७८. अशा मुलाचा एकूण आकडा फसवा असतो. त्याला लिहिताना त्रास होतोय का, लक्ष टिकत नाही का, की तो चुकायला घाबरून हळू जातो, हे बघायला हवं. आकडा कमी दिसला की मी आधी विचारते: ऐकू नीट येतं का? चष्मा लागलाय का? आदल्या रात्री झोप झाली होती का? चाचणी कोणत्या भाषेत घेतली आणि घरात कोणती बोलता? शाळेने पाठवलंय, म्हणजे "तुझी परीक्षा आहे" असं धमकावून तर आणलं नव्हतं? घोरणारी, तोंड उघडं ठेवून झोपणारी मुलं दिवसा पेंगतात आणि सगळ्या विभागांत थोडी थोडी मागे पडतात. त्यांना आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवावं लागतं. थायरॉइड, रक्तातलं लोह, शिशाचा संपर्क, हेही डॉक्टरांना विचारण्यासारखं आहे. मीठ आयोडीनयुक्तच वापरा. गर्भारपणात आयोडीनची तीव्र कमतरता हे जगभर मुलांच्या मेंदूच्या टाळता येण्यासारख्या हानीचं एक प्रमुख कारण राहिलं आहे.

ही चाचणी जन्माला आली तीही अशाच कामासाठी. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये ती बनवली ती शाळेत जास्तीची मदत कुणाला लागेल ते शोधायला. बुद्धी वाढूच शकत नाही असं मानणाऱ्यांवर बिने चिडलेले असत.

घरी काय करायचं, तर फार थोडं आणि रोज. मुलाशी लांब बोला आणि त्याचं उत्तर पूर्ण होऊ द्या. त्याला आवडेल ते वाचू द्या, मग ते क्रिकेटचं असो की भुताखेतांचं. गणितात जिथे अडलाय तिथून दोन इयत्ता मागे जाऊन पाया बघा, कारण नऊ वर्षांच्या मुलांत "बुद्धी कमी" म्हणून जे दिसतं ते पुष्कळदा तिसरीत सुटलेलं हातच्याचं गणित असतं. झोप नऊ ते बारा तास. मेंदूच्या खेळांच्या अॅपवर पैसे घालवू नका: त्या खेळात मूल तरबेज होतं, पण ती तरबेजी अभ्यासापर्यंत पोचल्याचा भरवशाचा पुरावा नाही. बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारी चाचणी आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारा वर्ग, या दोन्हींना कसलाही शास्त्रीय आधार नाही.

एक अट घालते. वर लिहिलेलं बहुतेक सगळं सर्वसाधारण वाढीच्या मुलाला लागू आहे. आधी येत असलेलं काही तो विसरू लागला असेल, बोलणं मागे गेलं असेल, मध्येच शून्यात बघत राहत असेल, किंवा बालपणी मेंदूचा ताप किंवा डोक्याला मोठा मार झाला असेल, तर वारसा आणि परिस्थितीची चर्चा बाजूला ठेवून आधी बालमेंदूतज्ज्ञांना दाखवा.

आणि लगेच दुसरी चाचणी करू नका. थोड्याच दिवसांत तीच चाचणी दिली तर सरावाने गुण वाढतात आणि त्या वाढीचा काही अर्थ नसतो; एक-दोन वर्षांचं अंतर हवं. तोवर अहवालातले उपविभागांचे गुण, चाचणी कोणत्या भाषेत झाली ते, आणि शाळेने नेमकं कशामुळे पाठवलं ते इथेच लिहा. मुलाचं नाव आणि शाळेचं नाव मात्र लिहू नका, त्याची मला गरज नाही.